चालू होतो, कामाला लागत नाही: म्हापशाच्या ऑफिसातले चार पीसी

कर सल्लागाराचं ऑफिस, म्हापसा, पहिला मजला, खिडक्या रस्त्याकडे. चार पीसी, एक राउटर, एक नेटवर्क प्रिंटर. तक्रार सगळ्यांची एकच: सकाळी बटण दाबल्यापासून पहिली एंट्री पडेपर्यंत फार वेळ जातो. आयकर रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर असल्यामुळे सगळे पीसी एकदम उघडायची सोय नव्हती. एका वेळी एकच बंद ठेवायचा, असं ठरलं.

टेबल १: आय३-३२२०, एच६१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०.
टेबल २ (जीएसटी): आय३-४१५०, एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०.
टेबल ३ (टॅलीचा डेटा इथे): आय३-८१००, एच३१० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४, विंडोज १० एसएसडीवर, डेटा १ टीबी हार्ड डिस्कवर.
केबिन: आय५-८४००, ८ जीबी, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११.

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपून ऑफिस आज उघडलं. आज सकाळी मोजलेले आकडे जमेस धरायचे नाहीत. पीसी चार-पाच दिवस बंद राहिला की राहून गेलेलं सगळं काम तो पहिल्याच दिवशी उरकायला घेतो: विंडोज अपडेट, डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं) स्कॅन, चुकलेली शेड्यूल्ड टास्क. टास्क मॅनेजरमध्ये 'टायवर्कर' आणि 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' वर दिसत असतील तर तेव्हा पीसीला स्लो म्हणण्यात अर्थ नाही. चारही पीसी दुपारभर चालू ठेवले, अपडेट संपू दिले, संध्याकाळी रीस्टार्ट करून मग मोजणी केली.

मोजताना 'स्लो' हा एकच आकडा धरू नये. तीन वेगळे आकडे लागतात: (अ) बटण दाबल्यापासून पासवर्ड मागेपर्यंत, (ब) पासवर्ड दिल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत, (क) डेस्कटॉप दिसल्यापासून एक्सेलची एक फाइल खरोखर उघडेपर्यंत. दुखणं कुठे आहे ते या तिघांतला कोणता लांबला त्यावरून अर्धंअधिक कळतं. अ लांबला तर बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा डिस्क. ब लांबला तर बहुधा नेटवर्क किंवा यूजर प्रोफाइल. क लांबला तर डिस्क, रॅम, उष्णता नाहीतर स्टार्टअपची गर्दी.

टेबल १: अ १ मिनिट ५० सेकंद, ब ५५ सेकंद, क ६ मिनिटं २० सेकंद.
टेबल २: अ २ मिनिटं १० सेकंद, ब १ मिनिट ४० सेकंद, क ११ मिनिटांच्या वर.
टेबल ३: अ ३० सेकंद, ब १५ सेकंद, क ३ मिनिटं ४० सेकंद.
केबिन: अ १८ सेकंद, ब १ मिनिट १५ सेकंद, क ५० सेकंद.

स्टॉपवॉच मोबाइलचं. विंडोज स्वतःही नोंद ठेवतं: इव्हेंट व्ह्यूअर, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे इव्हेंट १०० म्हणजे एकूण बूट. डीटेल्समध्ये 'मेन पाथ बूट टाइम' आणि 'बूट पोस्ट बूट टाइम' मिलिसेकंदांत दिलेले असतात. दुसरा आकडा डेस्कटॉपनंतरचा. १०१ मध्ये उशीर करणारा प्रोग्राम, १०२ मध्ये ड्रायव्हर, १०३ मध्ये सर्व्हिस, नावासकट. महिन्याभराच्या नोंदी बघितल्या की दुखणं हळूहळू वाढलं की एका दिवशी अचानक आलं तेही कळतं. केबिनच्या पीसीत ते एकाच दिवशी आलेलं दिसलं.

आणखी एक गोष्ट आधी तपासायची. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली 'अप टाइम'. टेबल २ वर तिथे २६ दिवस होते. रोज संध्याकाळी शटडाउन होतंय, मधे चवथीची सुट्टी गेली, तरी २६ दिवस. हे फास्ट स्टार्टअपमुळे: शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. त्यामुळे गळके ड्रायव्हर, अर्धवट अपडेट सगळं महिनाभर तसंच राहतं. मोजणी नेहमी रीस्टार्ट करून घ्यावी, किंवा शिफ्ट दाबून शटडाउन करून.

२ सप्टेंबर, मंगळवार: केबिन

चारांत सर्वांत चांगला पीसी हाच, म्हणून आधी हाच घेतला. इथे पार्ट बदलून काही होणार नव्हतं. एसएसडी ठणठणीत, रॅम अर्धी रिकामी, सीपीयू शांत, आणि पासवर्ड दिल्यावर 'वेलकम' सव्वा मिनिट गरगरतंय. आतला एकही भाग काम करत नसताना पीसी थांबलेला असेल तर तो कोणाची तरी वाट बघतोय, हे पक्कं धरायचं.

आधीच्या टेक्निशियनने काय काय केलं होतं त्याच्या खुणा सापडल्या: एक क्लीनर सॉफ्टवेअर, एक रजिस्ट्री साफ करणारं, आणि स्टार्टअपमधलं बरंचसं बंद केलेलं. फरक शून्य. सिस्टिम फाइल चेकर चालवून पाहिला, वीस मिनिटं गेली, एकही चूक निघाली नाही. दोन्ही क्लीनर काढून टाकले, तेवढीच स्वच्छता.

मग साधी परीक्षा: लॅन केबल काढली, वायफाय बंद केलं, रीस्टार्ट. 'वेलकम' ६ सेकंदांत संपलं. केबल लावली, परत सव्वा मिनिट. ही चाचणी फुकट आहे आणि डिस्क बदलायच्या आधी प्रत्येक ऑफिस पीसीवर करावी.

इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगॉनचे ६००५ आणि ६००६ सापडले. ते 'लॉगॉनच्या वेळी अमुक घटक फार वेळ घेतोय' एवढं सांगतात. कोणत्या पत्त्यासाठी ते सांगत नाहीत. तो हाताने शोधावा लागतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट यूज' दिल्यावर झेड ड्राइव्ह निघाला, पत्ता १९२.१६८.०.१० वरच्या शेअर केलेल्या फोल्डरचा. ऑफिसात आता १९२.१६८.१ ची मालिका आहे. राउटर बदलला तेव्हा टेबल ३ चा पत्ता बदलला, बाकी टेबलांवर नवीन ड्राइव्ह जोडून दिला गेला, केबिनमध्ये जुना तसाच राहिला आणि नवीन वाय म्हणून जोडला गेला. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर विंडोज एक टीसीपी जोडणी साधारण २१ सेकंद करून बघतं आणि मग हात टेकतं. असे तीन-चार धागे एकामागून एक लागले की मिनिट गेलंच.

जुना पत्ता कुठे कुठे चिकटलेला होता, त्याच क्रमाने काढला:

झेड ड्राइव्ह डिस्कनेक्ट केला. ब ५२ सेकंदांवर आला. म्हणजे हा एकटा गुन्हेगार नव्हता.

प्रिंटर. 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स'मध्ये तोच प्रिंटर दोनदा, एक '(कॉपी १)'. मूळ नोंदीच्या पोर्ट्स टॅबमध्ये जुना पत्ता, आणि डिफॉल्ट म्हणून खूणही त्याच्यावरच. जुना प्रिंटर काढला, पोर्टही वेगळा काढला. नुसता प्रिंटर काढला तरी पोर्ट यादीत राहतो.

डॉक्युमेंट्स फोल्डर. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन: झेड ड्राइव्हवरचा रस्ता. हा मोठा मासा. डॉक्युमेंट्स तिथे असल्यामुळे एक्सप्लोरर, एक्सेल, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, सगळे उठल्या उठल्या तिकडे धावत होते. लोकेशन सी ड्राइव्हवर परत आणलं. इथे विंडोज 'सगळ्या फाइल हलवू का' विचारतं. जुनी जागा मेलेली असेल तर 'नको' म्हणावं, नाहीतर ते पुन्हा तिथेच अडकतं.

डेस्कटॉपवरचे पाच शॉर्टकट आणि क्विक ॲक्सेसमधले तीन फोल्डर. चित्र पांढरं कोरं दिसतं ते शॉर्टकट संशयित.

क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुन्या पत्त्याचा पासवर्ड. काढला.

शेवटी डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा). आयपी ऑटोमॅटिक, पण डीएनएस हाताने भरलेला: पहिला जुन्या राउटरचा पत्ता, दुसरा ८.८.८.८. दुसरा चालत असल्यामुळे इंटरनेट 'चालतं', फक्त प्रत्येक नवीन नावाला आधी मेलेल्या दारावर टकटक होते. दोन्ही पुसून ऑटोमॅटिक केलं.

नंतरची मोजणी: अ १८, ब ७, क ११ सेकंद. खर्च शून्य. या कामाला दिवसाचा मोठा भाग गेला, कारण प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट करून मोजलं. सगळं एकदम बदललं असतं तर अर्ध्या तासात झालं असतं, पण मग डॉक्युमेंट्सचा धडा हाती लागला नसता. आणि टेबल १ वरही डॉक्युमेंट्सचा तोच घोळ निघाला.

३ सप्टेंबर, बुधवार: टेबल ३

इथे एसएसडी असून डेस्कटॉपनंतर पावणेचार मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९४ टक्के, आणि एकूण ४ जीबी. पीसीत ८ आहे. खाली 'स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २'. चवथीच्या आधी ८ दिसत होते का, हे कोणी पाहिलेलं नव्हतं, पण 'सुट्टीनंतर जास्तच स्लो झालाय' हे या टेबलाच्या मॅडमनी आपणहून सांगितलं होतं. वापरणारा माणूस 'अमक्या दिवसापासून' म्हणतो तेव्हा ते लिहून घ्यावं.

कॅबिनेट उघडलं. खिडकीपासून हातभर अंतरावर, जमिनीवर ठेवलेलं. आत तांबडी माती: रस्त्याची बारीक धूळ ओलसर होऊन हीटसिंकच्या पात्यांमध्ये गच्च बसलेली, पंखा फिरतोय पण हवा जायला फट नाही. न दिसणारा रॅम काढला. सोनेरी पट्टीवर खालच्या बाजूला चार-पाच दातांवर काळपट निळसर डाग, बोटाने पुसला तर जात नाही. पावसाळ्यातली दमट हवा आणि पाच दिवस बंद पडून थंड झालेला पीसी. चालू पीसी आतून कोमट राहतो, त्यामुळे आत ओल धरत नाही. बंद राहिला की धरते.

पेन्सिलीचा पांढरा खोडरबर, हलक्या हाताने, एकाच दिशेने. वाळूचा खोडरबर किंवा सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा जातो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाच मिनिटं सुकू दिलं. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीन दुखणं सुरू होतं, म्हणून हे काम टेबलावर करायचं, बोर्डावर धरून नाही. स्लॉटमध्ये ब्लोअर मारला. ८ जीबी दिसले.

उष्णता: लॉगिननंतर सीपीयू ९८ ते १०० अंश, आणि टास्क मॅनेजरमधला वेग ३.६ गिगाहर्ट्झवरून दीडच्या खाली. आय३-८१०० ची मर्यादा १०० अंश. तिथे पोचलं की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. वापर १०० टक्के आणि वेग मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, अशी जोडी दिसली की पंखा बघायचाच.

ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. मोकळा सोडला तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. कूलर काढला तर चारपैकी एक प्लास्टिक पिन बोर्डात पूर्ण उतरलेलीच नव्हती. बहुधा बसवल्या दिवसापासून. सीपीयू आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट खडखडीत वाळलेली. अल्कोहोलने काढून मधोमध थोडी नवीन. पिना कोपऱ्यासमोरचा कोपरा अशा दाबायच्या, एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या तर दुसऱ्या बाजूला कूलर उचलला जातो. बोर्डाच्या मागून चारही काळ्या पिना पांढऱ्यातून बाहेर आलेल्या दिसल्या तरच काम झालं. तापमान आता लॉगिनच्या गर्दीत ६८.

उरलेलं: दोन अँटीव्हायरस. एक विकतचा, मुदत संपलेला, 'रिन्यू करा' म्हणत दर सकाळी उठणारा. दुसरा फुकटातला, कोणीतरी नंतर टाकलेला. दोघे एकमेकांच्या फाइल तपासत होते. दोन्ही कंट्रोल पॅनलमधून काढले, पण एकाचा ड्रायव्हर मागे राहिला. तो त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने गेला. डिफेंडर आपोआप चालू झाला. क ३ मिनिटं ४० वरून १९ सेकंद. कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर, खिडकीपासून लांब.

५ सप्टेंबर, शुक्रवार: टेबल २

पार्ट काल संध्याकाळीच आणून ठेवले. शुक्रवारी म्हापशात बाजार. त्या दिवशी एका साटा (डिस्कच्या) केबलसाठी गाडी काढणं म्हणजे सकाळ घालवणं.

टास्क मॅनेजर: डिस्क १०० टक्के, वेग जेमतेम १ एमबी, 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' तीन-चार हजार मिलिसेकंद. निरोगी हार्ड डिस्कवरही सुरुवातीला १०० टक्के दिसतात, त्यावरून निष्कर्ष काढू नये. रिस्पॉन्स टाइम बघावा. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं 'कॉशन'. महत्त्वाच्या ओळी चार: ०५ (बदली दिलेले सेक्टर), सी५ (वाचता न येणारे, प्रलंबित), सी६ (न सुधारणारे), सी७ (केबलवरच्या चुका). हे सॉफ्टवेअर रॉ आकडे मुळात हेक्सात (सोळाच्या पायात) दाखवतं. सी५ समोर ३० दिसले म्हणजे ४८ सेक्टर. फंक्शन मेन्यूत दशमान करता येतं.

सी७ पण फुगलेला होता, म्हणून आधी ९० रुपयांची केबल बदलली. सी७ वाढायचा थांबला (तो शून्यावर कधी येत नाही, वाढतोय का तेवढंच बघायचं), सी५ तसाच. सिस्टिम लॉगमध्ये इव्हेंट ७ आणि १५३ रांगेने, म्हणजे खराब सेक्टर आणि पुन्हा पुन्हा वाचायचे प्रयत्न. त्याच लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ पावसाळाभर विखुरलेले: वीज जाते, यूपीएस 'टक' करतो आणि पीसी बंद. यूपीएसची बॅटरी संपलेली. डिस्क मरायला ते एक निमित्त पुरेसं.

अशा डिस्कवर विंडोजची चेकडिस्क (डिस्क तपासणी) 'आर' लावून चालवू नये. कित्येक तास ती त्याच खराब जागेवर डोकं आपटते, आणि असलेला डेटा जातो. आधी कॉपी. आणि एक्सप्लोररने नाही, कारण एका फाइलवर अडकलं की सगळं थांबतं. विंडोजचीच रोबोकॉपी ही कमांड वापरावी, पण तिची मूळ सवय एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद अशी आहे. 'आर' आणि 'डब्ल्यू' हे दोन्ही स्विच १ करून द्यावेत, आणि लॉग फाइल लिहायला सांगावी. ६२ जीबीला पाच तास लागले. सात फाइल आल्या नाहीत. त्यातल्या पाच टेम्पररी, एक जुना स्कॅन, एक एक्सेल जी क्लायंटच्या मेलमधून परत मिळाली.

क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करायचा विचार सोडला. क्लोन करणाऱ्या क्लोनझिलाला 'रेस्क्यू'चा पर्याय आहे, पण खराब सेक्टरवर विंडोजची कोणती फाइल होती हे कोणाला माहीत. खराब मुळावर नवीन एसएसडी कशाला बसवायची. ४८० जीबी एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं. बोर्ड तोच असल्यामुळे इंटरनेट लागताच ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. एच८१ बोर्डावर चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात. एसएसडी त्यातल्या एकावर, डीव्हीडी ड्राइव्ह उरलेल्यावर.

पुसण्याआधी काय काय काढून घ्यायचं: आउटलुकच्या पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, जीएसटी ऑफलाइन टूलच्या फाइल, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, डिजिटल सिग्नेचर टोकनचा (ऑनलाइन सहीसाठीच्या यूएसबीचा) ड्रायव्हर. टॅलीचं लायसन्स या पीसीवर असेल तर आधी सरेंडर करावं. टोकनचा ड्रायव्हर परत टाकायला अर्धा तास गेला, कारण टोकन लावलेलं ठेवून इन्स्टॉल केलं की विंडोज स्वतःचाच ड्रायव्हर पुढे करत होतं. टोकन काढून, ड्रायव्हर टाकून, रीस्टार्ट, मग टोकन.

वापरलेला ४ जीबी डीडीआर३ रॅम आणखी टाकला, ४०० रुपये. अ १६, ब ६, क १४ सेकंद.

६ सप्टेंबर, शनिवार: टेबल १

अ इथे लांबत होता तो सरळ कारणाने: दर सकाळी काळा पडदा, 'एफ१ दाबा', आणि कोणी येऊन दाबेपर्यंत पीसी उभा. बोर्डावरचा सेल, सीआर२०३२. मल्टीमीटरवर २.३ व्होल्ट, नवीन ३ च्या वर हवा. दुकानातच मोजून घ्यावा, पाकिटातलेही मेलेले निघतात. सेल गेला की तारीख मागे जाते, तारीख मागे गेली की ब्राउझरमध्ये सरकारी पोर्टलं 'सुरक्षित नाही' म्हणतात, आणि लोक त्यालाही 'नेट स्लो' म्हणतात. ५० रुपयांत तिन्ही गेलं.

डिस्क म्हातारी पण निरोगी, म्हणून इथे क्लोन. ५०० जीबीवरून २४० जीबीवर. क्लोनझिला लहान डिस्कवर जायला मुळात तयार नसतो. ४८० घेतली असती तरी ५०० पेक्षा लहानच. सी ड्राइव्ह आधी डिस्क मॅनेजमेंटमधून आक्रसावा लागतो. डेटा ९० जीबी असूनही २६० च्या खाली जायला तयार होईना. मधोमध न हलणाऱ्या फाइल बसलेल्या असतात: हायबरनेशन, पेजफाइल, रिस्टोर पॉइंट. तिन्ही बंद करून रीस्टार्ट केल्यावर १८० पर्यंत आला. डिस्कच्या शेपटाला रिकव्हरीचा छोटा भाग होता, तो २४० च्या पलीकडे पडत होता, तो काढला. मग क्लोनझिलाच्या एक्स्पर्ट मोडमध्ये डिस्कचा आकार न तपासण्याचा पर्याय, पार्टिशन टेबल मूळचंच. 'प्रमाणात लहान करा' हा पर्याय इथे घेऊ नये. तो आधीच आक्रसलेला ड्राइव्ह आणखी आक्रसतो, डेटाला जागा पुरत नाही आणि मधेच सोडून देतो. पहिली रात्र तशीच वाया गेली.

क्लोननंतर दिसलं की बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई आहे. एच६१ च्या पिढीत हे सर्रास असतं. सरळ नवा एएचसीआय केला तर निळा पडदा येतो. 'एमएसकॉन्फिग'मध्ये बूट, सेफ बूट. रीस्टार्ट करून बायॉसमध्ये एएचसीआय. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड आधी विचारून ठेवावा. हे सगळं एसएसडीवर; जुनी डिस्क बाजूला काढलेली, जसंच्या तसं परत यायची वाट मोकळी.

या बोर्डाचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, वाचनाचा वेग २७० एमबीच्या आसपासच. चालतं. डेस्कटॉपवर येताना मोठ्या फाइल वाचायच्या नसतात, हजारो बारक्या वाचायच्या असतात, आणि तिथे हार्ड डिस्कची सुई इकडून तिकडे पळण्यातच वेळ जातो.

फॉन्ट: विंडोजच्या फोल्डरमध्ये २,३०० च्या वर. कोणीतरी मराठी आणि कोंकणी अर्जांसाठी जुन्या देवनागरी फॉन्टची अख्खी सीडी टाकलेली. रोज लागतात ते आणि विंडोजचे स्वतःचे ठेवून बाकी एका फोल्डरमध्ये काढले. वर्ड उघडायला २० सेकंद कमी. जुन्या फाइलींत काय काय फॉन्ट आहेत ते आधी पाहून घ्यावं, नाहीतर ग्रामपंचायतीला दिलेला अर्ज उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

४ जीबी रॅम, वापरलेला, ४०० रुपये. अ २१, ब ९, क २४ सेकंद.

१७ सप्टेंबर, बुधवार

आयकराची मुदत १५ वरून १६ झाली आणि संपली. मधल्या दिवसांत मुद्दाम कशाला हात लावला नाही. चालत्या पीसीला मुदतीच्या आठवड्यात हात लावू नये.

आज स्टार्टअप. सगळे सुरुवात इथून करतात, मी शेवटी केली, कारण इथून सेकंद मिळतात, मिनिटं नाहीत. टास्क मॅनेजरच्या यादीत 'स्टार्टअप इम्पॅक्ट' बघून मीटिंगची ॲप्स, अपडेटर, ब्राउझरचं 'बंद केल्यावरही मागे चालू राहा' बंद केलं. टोकनचं सॉफ्टवेअर, देवनागरी कीबोर्ड, प्रिंटर हे राहू दिले. टोकनचं बंद केलं तर दोन सेकंद वाचतात आणि महिन्याच्या २० तारखेला जीएसटीच्या मासिक रिटर्नवर (जीएसटीआर-३बी) सही होत नाही.

फास्ट स्टार्टअप चारही पीसींवर बंद: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात', वरची निळी ओळ दाबून मग खूण काढायची. एसएसडी असल्यावर त्याचा फायदा चार-पाच सेकंदांचा.

२१ सप्टेंबर, रविवार

वीज जाऊन येण्याची परीक्षा. मेन स्विच पाडला, मिनिटभराने चढवला, चारही बटणं एकदम दाबली. टेबल १ आणि २ वर टॅलीच्या ड्राइव्हवर लाल फुली, ब परत ४० सेकंदांवर. कारण उघड आहे: आता पीसी २५ सेकंदांत उठतात आणि राउटरला दीड-दोन मिनिटं लागतात. हार्ड डिस्क होत्या तेव्हा राउटर आधी तयार व्हायचा, म्हणून हे कधी दिसलं नाही.

राउटर आणि नेटवर्क स्विचला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. टेबल ३ च्या बायॉसमध्ये 'वीज परतल्यावर चालू' केलं, म्हणजे डेटाचा पीसी कोणी बटण दाबायच्या आधीच उठतो. राउटरमध्ये त्याचा आयपी राखून ठेवला, पुन्हा बदलायला नको. टेबल २ च्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची नवीन बॅटरी. परीक्षा पुन्हा घेतली, लाल फुली नाही.

खर्च: २४० जीबी एसएसडी १,६५०, ४८० जीबी २,९००, दोन जुने रॅम ८००, सेल ५०, थर्मल पेस्ट २२०, दोन साटा केबल १८०, दोन ब्रॅकेट २४०, अल्कोहोल १२०, बॅटरी १,०५०, राउटरचा यूपीएस १,४००. एकूण ८,६१० रुपये.

टेबल १ आणि २ ला विंडोज ११ चालत नाही. ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. म्हणून त्या दोघांवर नवीन डीडीआर३ रॅम घेतला नाही: तो पुढच्या पीसीत बसणार नाही, एसएसडी बसेल. टेबल ३ ला विंडोज ११ चालेल, बायॉसमध्ये इंटेलचा पीटीटी चालू केला की विंडोज ११ ला लागणारा टीपीएम २.० (सुरक्षेचा भाग) मिळतो, ते काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

काढलेल्या दोन डिस्क भंगारात द्यायच्या नाहीत, त्यात क्लायंटचे पॅन आणि आधार आहेत. टेबल १ ची पूर्ण शून्यांनी पुसून बॅकअपला ठेवली. टेबल २ ची पुसताही येत नाही, खराब सेक्टरवर लेखन पोचत नाही. तिला ड्रिलने तबकडीतून तीन भोकं पाडून मग ई-कचऱ्यात.